पुस्तक जीर्ण होईपर्यंत

नागपूरच्या नंदनवन भागातले आमचे वाचनालय एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली बारशी होतात, साक्षगंध होतात, निवडणुकीच्या दिवसांत बैठका होतात. वर पुस्तके आहेत. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यावर मी तिथे पेपर वाचायला जाऊ लागलो. लिहिता येणारा माणूस म्हणून मला कार्यकारिणीत घेतले आणि सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सभेत बोलले जाते तेवढेच इतिवृत्तात येते. इथे मी त्याच्या आजूबाजूचेही लिहितो आहे.

दर वर्षी मे महिन्यात वाचनालयात चाळणी होते. त्या महिन्यात नागपुरात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, वाचक कमी येतात, म्हणून हे काम तेव्हा काढतात. ग्रंथपालबाई एकेक कपाट रिकामे करतात. फाटके वाटणारे पुस्तक त्या दोन्ही पुठ्ठ्यांनी धरतात, पाने खाली लोंबू देतात आणि एकदा हलवतात. काही पडले नाही तर पुस्तक बाइंडरकडे जाते. पाने पडली तर ते जीर्ण. जीर्ण पुस्तकांचा ढीग सभेपुढे ठेवला जातो, आधी ग्रंथपालबाई आणि मग आम्ही सह्या करतो, आतल्या पानावर 'बाद' असा शिक्का बसतो आणि रद्दीवाला पोती घेऊन जिना चढतो.

यात बाईंचा स्वतःचा एक नियम होता. जे पुस्तक ओल लागून किंवा वाळवीने गेले ते गेले. जे वाचून वाचून गेले त्याची नवी प्रत येत्या खरेदीत घ्यायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्या दर वर्षी तसे करत आणि आम्ही मान्य करत असू. बाकी खरेदीही त्यांच्याच पसंतीने होई. कोणते पुस्तक घ्यायचे यावर माझ्या काळात सभेत कधी चर्चा झाली नव्हती. चहा कुठून मागवायचा यावर झाली होती.

ग्रंथपालबाई नरखेड तालुक्यातल्या. लग्न होऊन नागपुरात आल्या, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि या वाचनालयात लागल्या. टेबलाशी नवा माणूस आला की छापील मराठी बोलत, ओळखीचा असला की गावची. निवृत्तीचे वय होऊन गेले होते. त्यानंतर कार्यकारिणी त्यांना एकेक वर्षाची मुदतवाढ देत असे, तीही मे महिन्यातल्या त्याच सभेत.

ज्या पुस्तकामुळे हे सगळे झाले ते बाईंनी एका प्रदर्शनातून आणले होते. लहानसे, शंभराच्या आसपास पानांचे, आमच्याच भागातल्या एका बाईने लिहिलेले आत्मकथन. वडील वारल्यावर भावांनी तिला शेतीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला रजिस्ट्रीच्या कचेरीत नेले, त्या एका दिवसाभोवती ते फिरते. सकाळी वहिनीने पुरण घातले होते. नवे लुगडे दिले होते. शाईचा पॅड कोणी पुढे धरला, बोट पुसायला कोणी रुमाल दिला, परत येताना मोटारीत कोणी कोणाशी बोलले नाही. कोणावर आरोप नाही, गावाचे नाव नाही, माणसांची नावे नाहीत. मी डेस्कवरच्या सवयीने वाचले. शेवटची प्रकरणे लांबली आहेत असे वाटले. त्या दिवसाच्या वर्णनातून मात्र एक ओळही कापता आली नसती.

आमच्याकडे पुस्तक बाहेर गेलेले असले की पुढच्याने नंबर लावायचा असतो. या पुस्तकाला नंबर लागू लागले. लावणाऱ्या बहुतेक कॉलनीतल्या बायका होत्या.

या पुस्तकावर पुढे ज्यांनी आक्षेप घेतला ते सभासद कार्यकारिणीत माझ्याही आधीपासून होते. त्यांची नरखेडकडे संत्र्या-मोसंबीची बाग आहे, राहणे नंदनवनात. मी त्यांना इथे बागाईतदार म्हणतो. सरळ माणूस. वाचनालयातला मोठा कूलर त्यांनी दिला आहे आणि त्यावर तेलरंगात त्यांच्या वडिलांचे नाव आहे. ते वडील आदल्या वर्षी वारले होते. बागेच्या हक्कसोडपत्रावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक बहीण सोडून. ती आमच्याच मागच्या गल्लीत राहते. ती नाही म्हणाली नव्हती. विचार करून सांगते, एवढेच म्हणाली होती. त्यानंतर एकदा बागाईतदार तिच्या घरी गेले तेव्हा त्यांना फ्रिजवर आमचा शिक्का असलेले हे पुस्तक दिसले.

ते त्याच संध्याकाळी वाचनालयात आले आणि थेट बाईंच्या टेबलाशी गेले. मी पेपरच्या स्टँडपाशी होतो.

"बाई, हे पुस्तक कोणाले विचारून आणलं?"

"कोणाले विचारून नाही आणलं, भाऊ. कोणतंच पुस्तक कोणाले विचारून नाही आणत."

"घरं फोडाचं पुस्तक हाय हे."

बाईंनी विचारले की वाचले का. ते म्हणाले, वाचायची गरज नाही, काय झाले ते घरात दिसूनच राहिले आहे. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि मला ऐकू आले नाही असे काही बोलले. बाईंनी मान हलवली, नकाराची. ते गेल्यावर मी विचारले. बाई म्हणाल्या, "म्हणे, कपाटाच्या मांगं पाडून द्या. पडलं म्हणून सांगा."

मेची सभा त्याच आठवड्यात होती. अध्यक्षांचे जरीपटका भागात कापडाचे दुकान होते, आता मुलगा बघतो. दुकानातली जन्मभराची सवय अशी की कोणाला नाही म्हणायचे नाही आणि कोणाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. बागाईतदार सभेच्या आधी त्यांना भेटले असावेत, कारण अध्यक्षांकडे तोडगा तयार होता.

त्यांनी सांगितले की हे काही बंदी वगैरे नाही. बंदी हा शब्द कोणी काढूही नये, पेपरमध्ये गेला तर उगाच तमाशा. चाळणीचा ढीग समोर आहेच. त्यात आणखी एक पातळ पुस्तक गेले तर कोणाला कळणार पण नाही. बाईंनी जीर्ण म्हणून सही करावी, बाकीचे करतील, विषय संपला. ते 'बात खतम' म्हणाले आणि हात झटकले.

बाई उठल्या, कपाटातून पुस्तक आणले, दोन्ही पुठ्ठ्यांनी धरून सभेपुढे हलवले. काही पडले नाही.

"हे जीर्ण नाही," त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, कागदावरच तर लिहायचं आहे."

"इथं सगळं कागदावरच आहे, साहेब. फाटलं नाही त्याले फाटलं म्हणून मी सही नाही करत."

कूलर मोठ्याने चालू होता. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि कापडाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "तुमच्या मुदतवाढीचा विषयही आजच आहे, मॅडम."

ते सगळ्यांना ठाऊक होते. बाईंनाही. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या होत्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवले आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

मी विचारले की इतिवृत्तात काय लिहू. पुस्तक जीर्ण आहे असे सभेत ठरले, की जीर्ण आहे असे लिहायचे सभेत ठरले? अध्यक्ष म्हणाले की तुम्ही पेपरवाले, तुम्हीच बघा. मी म्हणालो की मग दोन्ही लिहीन. अध्यक्षांना दोन्ही नको होते.

मार्ग बागाईतदारांनीच काढला. त्यांना बाईंची नोकरी घालवायची नव्हती. बाईंचे माहेर त्यांच्या गावाच्या शिवेला लागून. ते पुढे झुकले.

"बरं, आज जीर्ण नाही. होईल तवा तं काढान?"

"होईल तवा काढीन. सही पण करीन."

"शब्द?"

"शब्द काहून? लिहून घ्या न."

मी लिहून घेतले: सदर पुस्तक जीर्ण झाल्यास नेहमीच्या रीतीने बाद करण्यात येईल. अध्यक्षांना 'नेहमीच्या रीतीने' हे शब्द आवडले. बाईंना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. म्हणजे पुस्तक आणि बाईंची नोकरी, दोन्ही पुढच्या मेपर्यंत ढकलले गेले. पाने पडली नाहीत तर बागाईतदार पुन्हा तोच विषय काढतील आणि अध्यक्ष पुन्हा तोच चष्मा पुसतील, हे उघड होते.

दुसऱ्याच दिवशी बागाईतदारांनी पुस्तक स्वतःच्या नावावर घेतले. मला वाटले, आता ते घरी दाबून ठेवतील. पण नंबर लागलेले पुस्तक एका मुदतीनंतर परत करावे लागते, आणि घरात पडून राहिलेले पुस्तक जीर्ण होत नाही. फाडता येत नव्हते, हरवता येत नव्हते. फाडणाऱ्याने किंवा हरवणाऱ्याने तेच पुस्तक नवीन आणून द्यायचे, असा फलक जिन्यातच लावलेला आहे. शिवाय बागाईतदार तसे करणाऱ्यातले नव्हते. वडिलांच्या नावाच्या कूलरसमोर खोटे बोलणे त्यांना जमले नसते. त्यांना पुस्तक रीतसर झिजवायचे होते.

मग ते कामाला लागले. बागेत माणसे लावावीत तसे. आधी बायकोला सभासद केले. मग सुनेला. साळ्याच्या बायकोला. एकीची मुदत संपली की दुसरी नंबर लावी, मधे कॉलनीतल्या बायका असतच. पुस्तक मोटरसायकलच्या डिकीत पाना-पकडींबरोबर गावाला गेले, चुलतभावाच्या घरी राहिले, एसटीने परत आले. पाहुणे आले की बागाईतदार स्वतः त्यांच्या हातात देत. दोन-चार हातांतून जाऊ द्या, म्हणत. आपण काय करून राहिलो ते त्यांनी लपवले नाही. एक दिवस पेपरच्या टेबलाशी सगळ्यांसमोर म्हणाले, "पुस्तकाचं चपलीसारखं हाय. वापरली का झिजते."

बाई टेबलावरून म्हणाल्या, "चपलीनं माणूस कुठंतरी पोचते, भाऊ."

सगळे हसले. बागाईतदारही हसले. त्यांना आपली पद्धत बिनचूक वाटत होती आणि ती होतीही. पुस्तक परत येई तेव्हा प्रत्येक वेळी थोडे अधिक फुगलेले असे. कोपरे मऊ झाले. खाकी कव्हर गेले. एका पानावर हळदीचे बोट, एकावर मोसंबीच्या रसाचा डाग. मी बाईंना विचारले की तुम्ही ते बाइंडरकडे का देत नाही. त्या म्हणाल्या की बाकीच्या पुस्तकांना देते तेवढा डिंक यालाही दिला, जास्त नाही आणि कमी नाही. आपला शब्द सभेत लिहिलेला आहे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बागाईतदारांची बायको पुस्तक परत करायला स्वतः आली. तोवर तिची पुस्तके नवरा किंवा सून आणून देत. ती उभीच राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. या बाईचे आणखी पुस्तक आहे का, असे तिने विचारले. नव्हते.

"मंग पुढं काय झालं तिचं?"

"आहे की. तिकडे काटोलकडे राहते म्हणतात."

"तिनं मागितलं का मंग, वावर?"

ग्रंथपालबाई म्हणाल्या की पुस्तकात जेवढे आहे तेवढेच त्यांना माहीत. बागाईतदारांच्या बायकोने मान हलवली. घरी सगळ्या जणी हेच विचारून राहिल्या म्हणून विचारले, असे म्हणाली आणि जिना उतरली. मी पेपरमागे होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही.

मे आला. ढीग सभेपुढे लागला. बागाईतदार वेळेआधी येऊन बसले होते. बाईंनी ते पुस्तक सगळ्यांत शेवटी घेतले, दोन्ही पुठ्ठ्यांनी धरले आणि हलवले. आधी दोन सुटी पाने पडली, मग मधला सबंध गठ्ठा. त्याबरोबर एसटीचे तिकीटही पडले. तिकिटावरची अक्षरे उडाली होती. बागाईतदारांनी ते उचलून उजेडात धरले आणि खिशात टाकले. चुलतभावाच्या घरूनच आलेले असणार.

"जीर्ण," बाई म्हणाल्या आणि सही केली. अक्षर नेहमीसारखे. त्यांच्याखाली बागाईतदारांनी केली. 'बाद'चा शिक्का बसला. अध्यक्षांनी चहा सांगितला.

पुढचा विषय खरेदीचा होता. बाईंनी नव्या पुस्तकांची नावे वाचली, मग वाचून जीर्ण झाल्यामुळे नवीन प्रती घ्यायच्या पुस्तकांची. त्यात एक पाककृतींचे होते, एक शेळीपालनाचे, आणि हे.

बागाईतदारांनी कप खाली ठेवला. "हे काहून?"

"वाचून जीर्ण झालं, भाऊ. त्याची नवी प्रत येते."

"आपलं तं काढाचं ठरलं होतं."

"काढलं न. तुमच्या समोर काढलं. तुमची सही आहे."

त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी मला विचारले की असा काही नियम लिहिलेला आहे का. मी सांगितले की लिहिलेला नाही, पण दर वर्षीच्या इतिवृत्तात अशा प्रती मान्य केलेल्या आहेत आणि खाली अध्यक्षांची सही आहे. गेल्या वर्षीच्या निर्णयात 'नेहमीच्या रीतीने' असे शब्द आहेत. अध्यक्ष म्हणाले की ते शब्द चांगले आहेत असे आपणच म्हणालो होतो.

बागाईतदारांनी मग शेवटचा मुद्दा काढला. एवढे कोणी वाचले ते पुस्तक? चार बायका कॉलनीतल्या. तेवढ्यासाठी परत आणायचे का?

बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता.

"सगळ्यांत जास्त तुमच्याच घरी गेलं, भाऊ."

अध्यक्ष हसले आणि हसणे चहात लपवायला गेले, ते साधले नाही. बागाईतदार हसले नाहीत. ते मते घ्या म्हणू शकत होते. त्यांच्या बाजूने हात वर झाले असते. कार्यकारिणीतल्या निम्म्या माणसांच्या घरी असाच एखादा कागद सहीसाठी थांबलेला होता किंवा कधीतरी थांबला होता. बाईंनाही ते माहीत असावे. त्यांचा हात पुन्हा टेबलावर पसरलेला होता, गेल्या वर्षी पुस्तकावर होता तसाच, पण या वेळी खाली काही नव्हते.

बागाईतदार मते घ्या म्हणाले नाहीत. त्यांनी बाद झालेल्या ढिगाकडे बोट केले.

"ते रद्दीतच जाऊन राहिलं न? मंग मले द्या."

"नाही देता येत. आज तुम्हाले दिलं तं उद्या सगळे मागतीन."

"मले नाही पायजे. घरी पायजे."

"घरी पायजे असन तं नवी येऊन राहिली," बाई म्हणाल्या. "नंबर लावा."

अध्यक्षांनी खरेदी मंजूर म्हणून सांगितले आणि तशाच एका दमात मुदतवाढीचा विषय घेतला. बागाईतदार खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. इतिवृत्तात मी 'विरोध नाही, मंजूर' असे लिहिले. ते बरोबर आहे.

नवी प्रत पावसाळ्यात आली. बाईंनी खाकी कव्हर घातले, शिक्का मारला, मागच्या कण्यावर क्रमांक चिकटवला. पहिला नंबर बागाईतदारांच्या बायकोचा होता. तो कोणी येऊन लावला हे मी पाहिले नाही, म्हणून लिहीत नाही.

त्या हक्कसोडपत्राचे पुढे काय झाले तेही मला माहीत नाही. बहीण वाचनालयात येते, पुस्तके नेते, माझ्याशी हवापाण्याचे बोलते. मी तिला विचारलेले नाही. बागाईतदारांनी या उन्हाळ्यातही कूलरची गवताची जाळी स्वखर्चाने बदलून दिली.

त्या पहिल्या नंबराची मुदत संपल्यावर नवी प्रत परत करायला बागाईतदारच आले होते. टेबलावर ठेवण्याआधी त्यांनी ते दोन्ही पुठ्ठ्यांनी धरले आणि एकदा हलवले. काही पडले नाही.

"अजून टाइम आहे, भाऊ," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि पुढचा नंबर कोणाचा ते पाहू लागल्या.